रेड डॉटचा झीरो सारखा सरकतोय? नवीन साईट मागवायच्या आधी स्क्रूचं टोक बघा

सरळ मुद्द्यावर येतो. फुल साईज ९ एमएम पिस्तूल, त्याच्या स्लाईडवर (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी साईट, आणि दर दीडशे-दोनशे राउंड झाले की गोळ्या डावीकडे जायला लागायच्या. परत झीरो करायचा (ठिपका जिथे तिथेच गोळी लागेल असं जुळवायचं), परत दोनशे राउंड, परत तेच रडगाणं. मागच्या उन्हाळ्यात हे माझ्याबरोबर तीनदा झालं आणि प्रत्येक वेळी मी चुकीचीच गोष्ट दुरुस्त केली. पहिल्यांदा स्क्रू अजून आवळले. दुसऱ्यांदा लॉकटाईट (आटे धरून ठेवणारं चिकट द्रव) बदललं. तिसऱ्यांदा तर साईटच बाद झाली असं ठरवून दुसरी बसवली, आणि तीही पंधरा दिवसांत सरकली तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की भानगड साईटमध्ये नाहीये. पिस्तुलाचा आणि साईटचा मेक इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण चूक माझ्याच हाताची होती.

थोडं मागचं सांगतो. मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या ॲरिझोनात फिनिक्सला. कोल्हापुरात नेमबाज राही सरनोबतमुळे २५ मीटर पिस्तूल हे शब्द घरोघरी पोचलेत, पण त्या आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटना) पिस्तूल प्रकारांत फक्त उघडी साईट चालते, रेड डॉट लावून उभंच राहता येत नाही. इकडे यूएसपीएसए या अमेरिकन संघटनेच्या मॅचमध्ये कॅरी ऑप्टिक्स म्हणून रेड डॉटवाल्यांची अख्खी डिव्हिजनच आहे, त्यामुळे रविवारी रेंजवर बघावं तिकडे स्लाईडवर काचा. (इकडे नवीन आलेल्यांसाठी, एच-वन-बीवर असाल तर आधी कायदा वाचा, शिकारीच्या लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडले तर त्या व्हिसावर बंदूक बाळगताच येत नाही. मीपण ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत नुसते व्हिडिओ बघत बसलो होतो.)

पहिलं काम म्हणजे झीरो खरंच सरकलाय का ते ठरवा, कारण निम्म्या वेळा सरकलेला असतो तो आपला हात. उजव्या हाताच्या माणसाने खटका झटक्यात ओढला की गोळी खाली-डावीकडे जाते, आणि आपण मात्र ॲडजस्टमेंटचा स्क्रू फिरवत बसतो. म्हणून उभं राहून नाही, वाळूच्या पिशवीवर पिस्तूल टेकवून, एकाच डब्यातल्या गोळ्यांनी, १५ यार्डांवर पाच-पाच गोळ्यांचे दोन ग्रुप मारा. गोळ्या एका डब्यातल्या यासाठी की ११५ ग्रेन वजनाच्या गोळीवरून १४७ ग्रेनवर गेलात तर उंची बदलणारच, तो दोष साईटचा नाही. आता ग्रुप बघा. घट्ट आहे पण अख्खा बाजूला गेलाय, म्हणजे साईट एकदा सरकून नवीन जागी बसलीये. ग्रुपच विस्कटलाय, दोन इथे तीन तिथे, म्हणजे साईट प्रत्येक राउंडला हलतेय. माझा पहिला प्रकार होता, १५ यार्डांवर सरळ ३ इंच डावीकडे.

३ इंच ऐकायला लई वाटतं, पण हिशोब करून बघा. १५ यार्ड म्हणजे ५४० इंच. साईटची लांबी साधारण ४५ मिलिमीटर. तेवढ्या लांबीत एक टोक पाव मिलिमीटर जरी कडेला फिरलं की टार्गेटवर ३ इंचांचा फरक पडतो. पाव मिलिमीटर! डोळ्याला दिसत नाही, नखाला लागत नाही. म्हणून साईट हाताने हलवून "हलत नाही बुवा, घट्ट आहे" असं म्हणण्याला काही अर्थ नाही. मीही तेच करत होतो, अंगठ्याने ढकलून बघायचो आणि खूश व्हायचो.

त्यासाठी पेंट मार्करने खूण करा. स्क्रूच्या डोक्यावरून साईटच्या अंगावर एक बारीक पांढरी रेघ, आणि साईटच्या कडेवरून खाली प्लेटवर (साईट आणि स्लाईडच्या मधली जोडपट्टी) आणि स्लाईडवर दुसरी. पहिली तुटली तर स्क्रू फिरलाय. दुसरी तुटली तर साईट किंवा प्लेट सरकलीये. माझ्या बाबतीत गंमत अशी की स्क्रूवरची रेघ जशीच्या तशी, लॉकटाईट पक्कं, स्क्रू अजिबात फिरलेला नाही, आणि कडेवरची रेघ मात्र केसभर तुटलेली. स्क्रू जागेवर आणि साईट सरकलेली, हे कसं काय? इथे मी दोन आठवडे अडकलो होतो.

माझ्या आण्णांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं छोटं शॉप होतं, तीसेक वर्षं त्यांनी आटे पाडण्यातच घालवली. आमच्यात आणि त्यांच्यात साडेबारा तासांचा फरक, वर्षभर तोच, ॲरिझोनात घड्याळ पुढेमागे करायची पद्धत नाही. रात्री नऊला फोन लावला, तिकडे सकाळचे साडेनऊ, ते चहा पिऊन पेपर घेऊन बसलेले. त्यांना पिस्तुलातलं काही कळत नाही, कळून घ्यायचंही नाही, "ते तुझं खेळणं सोड, स्क्रूचं सांग" एवढंच म्हणाले. मी सांगितलं, टॉर्कचा पाना (ठरवलेला जोर आला की टक वाजणारा) १२ इंच-पाऊंडवर लावतो, टक वाजतं, तरी वरचा भाग सरकतो. त्यांनी विचारलं, "भोक आरपार हाय का आंधळं?" मी म्हटलं आंधळं, खाली बंद आहे. तर म्हणाले, "मग पाना घट्ट सांगतोय ते खरं हाय, पर कुणाला घट्ट? स्क्रूचं टोक तळाला टेकलं असंल लेका. डोकं वर अधांतरी."

एवढंच होतं. स्क्रू साईटला दाबायच्या आधीच भोकाच्या तळाला टेकत होता. पुढे पाना फिरवला की जोर सगळा टोकावर, पाना इमानदारीत टक वाजवतो, आपल्याला वाटतं झालं घट्ट, आणि साईटवर दाब जेमतेम. दीडशे-दोनशे राउंड ती तशीच बसून राहते कारण लॉकटाईट आणि घर्षण थोडं धरून ठेवतं, मग एके दिवशी हळूच सरकते. स्क्रू आपल्या जागी, म्हणून वरची रेघही जागेवर. माझ्याकडून झालं असं होतं की प्लेट बदलल्यावर मी जुन्या प्लेटचेच स्क्रू वापरले, नवीन प्लेट पातळ होती, आणि त्याबरोबर आलेली स्क्रूची छोटी पुडी मी ड्रॉवरमध्ये टाकून विसरलो होतो. दुसरी साईट बसवली तेव्हाही स्क्रू तेच.

तपासायची पद्धत आण्णांनीच सांगितली. आधी अर्थातच मॅगझीन बाहेर, चेंबर डोळ्याने बघा आणि बोटानेही चाचपा, गोळ्या दुसऱ्या खोलीत, मग स्लाईड काढून टेबलावर. स्क्रू काढा, भोक आणि आटे साफ करा, स्क्रूचं टोक मार्करने निळं-काळं रंगवा, वाळू द्या. आता लॉकटाईट न लावता साईट बसवून स्क्रू हलक्या हाताने आवळा आणि परत काढा. टोकावरचा रंग मधोमध खरवडला गेला असेल तर स्क्रू टेकतोय. रंग शाबूत तर टेकत नाहीये. माझ्या दोन्ही स्क्रूंच्या टोकावर चक्क गोल चकचकीत टिकली उमटली होती. बायकोने तो फोटो बघून विचारलं की याच्यासाठी तू दुसरी साईट घेतलीस का, त्यावर मी काही बोललो नाही.

मापाने करायचं तर व्हर्नियरच्या मागच्या दांडीने भोकाची खोली मोजा, त्यात साईटच्या बुडाची जाडी मिळवा (स्क्रूचं डोकं जिथे बसतं तिथपासून खालपर्यंतची, अख्ख्या साईटची नाही), आणि त्यातून अर्धा-पाऊण मिलिमीटर वजा करा. तेवढा लांब स्क्रू पाहिजे. फार आखूडही नको, तो दुसरा खड्डा. ट्रायजिकॉन कंपनीच्या आरएमआर साईटच्या मापाने बसणाऱ्या बहुतेक साईटींना ६-३२ चा स्क्रू लागतो, म्हणजे जाडी साडेतीन मिमी आणि एक वेढा जवळपास ०.८ मिमीचा. निदान जाडीइतके तरी आटे आत धरले पाहिजेत, म्हणजे साडेचार-पाच वेढे. दोन-तीन वेढ्यांवरच आवळला की प्लेटमधले आटे जातात, ॲल्युमिनियमची प्लेट असेल तर लवकरच जातात, आणि मग स्क्रू नुसता गोल फिरत राहतो.

लांब स्क्रू कापायचा असेल तर आधी त्यावर नट चढवा, मग कापा, कानशीने टोक गोल करा आणि नट उलटा फिरवत बाहेर काढा, आटे आपोआप साफ होतात. नट न लावता कापलात तर पहिला आटा चेपतो आणि तो वाकडा आटा घेऊन तुम्ही स्लाईडमधले आटेही खराब करता. मला वाटतं योग्य मापाचा स्क्रू मागवलेला बरा, दोन-चार डॉलरचा मामला असतो.

जिथे भोक आरपार असतं तिथे लांब स्क्रूचा वेगळाच त्रास. ग्लॉकसारख्या डिझाइनमध्ये उजव्या बाजूच्या स्क्रूच्या खालून एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी पुंगळी बाहेर ओढणारा आकडा) प्लंजरचं, म्हणजे त्याला दाबणाऱ्या दांडीचं, भुयार जातं. स्क्रू जरा जास्त लांब असला की टोक त्या भुयारात घुसून प्लंजरला दाबतं. लक्षण काय, तर साईट लावेपर्यंत पिस्तूल गुणी बाळ होतं आणि लावल्यावर रिकामी पुंगळी बाहेर निघेना. लोक मग मॅगझीन बदलतात, गोळ्या बदलतात, स्प्रिंग बदलतात. उजवा स्क्रू ढिला करून एक्स्ट्रॅक्टर बोटाने हलवून बघा, मग आवळून परत बघा. आवळल्यावर जड झाला तर चोर सापडला.

स्क्रूचं माप बरोबर आहे आणि तरी सरकतंय, तर बसायची जागा बघा. प्लेट स्लाईडला ज्या स्क्रूंनी लागते त्यांची डोकी प्लेटच्या पातळीच्या वर येत नाहीत ना? किंचित जरी वर असली तरी साईट त्या डोक्यांवर झोपाळ्यासारखी डुलते आणि वरचे स्क्रू किती आवळा, बूड पूर्ण टेकत नाही. स्टीलची पट्टी आडवी धरून उजेडात फट बघा. प्लेट काचेवर ठेवून चारही कोपऱ्यांवर बोटाने दाबा, टकटक वाजली तर कुठेतरी बर (धातूचा बारीक कंगोरा) राहिलीय. जुनं लॉकटाईट वाळून पापुद्रा झालेलं असतं, तेही साईटखाली अडकतं, माझ्या प्लेटच्या कोपऱ्यात असला एक निळा कण होता, साखरेच्या दाण्याएवढा. आणि प्लेटवर साईटसाठी जे छोटे खुंट असतात ते साईटच्या भोकांत नीट बसतात का ते बघा. स्लाईड मागेपुढे आपटते तेव्हा खरा धक्का त्या खुंटांनी घ्यायचा असतो, स्क्रूंनी नुसतं खाली दाबून धरायचं. खुंट सैल असले की सगळी मारामारी दोन स्क्रूंवर येते.

आता लॉकटाईट. यावर लोक देवळातल्या प्रसादासाठी भांडावं तसे भांडतात. निळं २४३ पुरतं, लहान स्क्रूंसाठी जांभळं २२२ पण चालतं, लाल लावू नका, नंतर उष्णता दिल्याशिवाय निघत नाही आणि साईटजवळ हीट गन घेऊन जायची कुणाची इच्छा नसते. महत्त्वाचं हे की हे द्रव हवेत वाळत नाही, हवा बंद झाली आणि धातूचा स्पर्श मिळाला की मगच घट्ट होतं, त्यामुळे बाटलीच्या तोंडाशी ओलंच राहतं आणि आपल्याला वाटतं माल खराब आहे. आट्यांत तेल असेल तर पकड येत नाही. स्क्रू, भोक, प्लेटची खालची बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा, ॲसिटोन वापरायचं तर प्लास्टिकपासून आणि काचेपासून लांब. थेंब स्क्रूवर लावा, आंधळ्या भोकात ओतू नका, कारण तळाशी साचलेलं द्रव दबलं की स्क्रूला जायला जागाच उरत नाही, म्हणजे परत तीच अर्धवट आवळल्याची कथा. आणि मग २४ तास हात लावायचा नाही. मी संध्याकाळी बसवून सकाळी सातला रेंजवर जायचो, त्यातही थोडी चूक होतीच. इथल्या उन्हात बंद गाडीत तापून लॉकटाईट सुटतं असं एकजण सांगत होता. निळं निदान १५० डिग्री सेल्सियसपर्यंत धरतं, गाडी कितीही तापली तरी तिथवर जात नाही, तो दोष फिनिक्सच्या माथी मारू नका.

टॉर्क किती, तर साईटच्या कागदावर असेल तेवढा. ट्रायजिकॉन आरएमआरसाठी १२ इंच-पाऊंड सांगते, म्हणजे १.३६ न्यूटन-मीटर. हा आकडा फार छोटा आहे, एल-पान्याने दोन बोटांत त्याच्या पुढे जाता येतं, म्हणून टॉर्कचा पाना घ्याच. दोन्ही स्क्रू आळीपाळीने, आधी अर्धे, मग पूर्ण. आधी प्लेट पूर्ण आवळून मगच साईट. आवळताना साईट मागच्या बाजूला बोटाने दाबून धरा म्हणजे मोकळी जागा एकाच दिशेला राहते, पहिल्याच राउंडला बसणार ती आधीच बसते.

साईट अजून घ्यायचीच आहे त्यांच्यासाठी थोडक्यात, कारण निम्मे त्रास खरेदीतच विकत घेतले जातात. आधी आपल्या स्लाईडचा फूटप्रिंट (स्क्रूंच्या आणि खुंटांच्या जागांचा साचा) बघा, मग साईटच्या प्रेमात पडा. आरएमआरचा फूटप्रिंट सगळ्यात जास्त चालतो, ट्रायजिकॉनची एसआरओ आणि होलोसन ५०७सी त्यावरच बसतात, ल्युपोल्ड डेल्टापॉइंट प्रोचा वेगळा, शील्ड आरएमएससीचा वेगळा आणि तो छोट्या पिस्तुलांसाठीचा. ग्लॉकने २०१५ मध्ये एमओएस (प्लेट बदलून वेगवेगळ्या साईटी बसवायची सोय) आणलं तेव्हापासून प्लेटींचा जमाना आलाय, पण प्लेट म्हणजे अजून एक सांधा आणि अजून दोन स्क्रू. स्लाईड थेट साईटच्या मापाने कापून घेता आली तर उत्तम, पण मग साईट बदलायची सोय गेली. एमपॉइंट ॲक्रोला वरून उभे स्क्रू नसतात, ती बाजूच्या क्लॅम्पने धरते, शिवाय बंद डब्यासारखी आहे. इकडे ॲरिझोनात पावसाळ्यात धुळीची वादळं येतात, उघड्या साईटच्या एमिटरवर (ठिपका पाडणारा दिवा) एक कण बसला तरी डॉटचं नक्षत्र होतं, त्यामुळे बंद साईटचं मला मनापासून पटतं. मॅचसाठी मोठी काच आणि ५-६ एमओएचा (एमओए म्हणजे कोनाचं माप, १०० यार्डांवर साधारण १ इंच) डॉट पटकन सापडतो. २५ यार्डांवर ६ एमओएचा डॉट दीड इंच झाकतो, एवढं लक्षात ठेवा.

डॉट तारा फुटल्यासारखा दिसतो अशी तक्रार असेल तर साईट परत पाठवायच्या आधी मोबाईलने काचेतून फोटो काढा. फोटोत गोल दिसला तर दोष डोळ्यांत आहे, ॲस्टिगमॅटिझम तपासून घ्या आणि ब्राइटनेस दोन पायऱ्या खाली आणा. उलट शेडखाली उभं राहून बाहेरच्या कडक उन्हातल्या टार्गेटवर नेम धरला आणि डॉट गायब झाला, तर ऑटो ब्राइटनेस बंद करा, सेन्सरला तुमची सावली दिसते, समोरचं ऊन दिसत नाही.

गोळी सुटताना डॉट लुकलुकतो किंवा विझतो, तर बॅटरीचा कॉन्टॅक्ट. कॉन्टॅक्ट पुसा, सेल बदला. मुलांनी गिळू नये म्हणून काही कॉइन सेलांवर कडू लेप देतात, तो लेप काही यंत्रांत कॉन्टॅक्ट नीट होऊ देत नाही, ॲपलनेसुद्धा एअरटॅगच्या सीआर २०३२ बद्दल तसं सांगून ठेवलंय. साध्या आरएमआरची बॅटरी बुडाला असते, ती बदलायची म्हणजे साईट काढा, परत वरचं सगळं पुराण करा, परत झीरो. ५०७सीला बाजूला ट्रे आहे, एसआरओला वरून झाकण, हा त्रास नाही. मी तरी यापुढे बुडाला बॅटरीवाली घेणार नाही.

झीरो करताना एक हिशोब पाठ ठेवा. एक क्लिक म्हणजे १ एमओए (वरच्या ट्रायजिकॉन आणि होलोसनच्या साईटींत तसंच आहे), १०० यार्डांवर साधारण १ इंच, २५ वर पाव इंच आणि १० यार्डांवर जेमतेम दशांश इंच. म्हणजे १० यार्डांवर गोळी इंचभर बाजूला जात असेल तर दहा क्लिक फिरवायचे. लोक दोन क्लिक फिरवतात, फरक दिसत नाही, मग घाबरून उलटे चार फिरवतात आणि म्हणतात ॲडजस्टमेंट मेली. आधी १० वर जवळपास आणा, मग २५ वर पक्कं करा. पाचेक यार्डांवर गोळी थोडी खाली लागेल, साईट नळीच्या वर बसलेली असते म्हणून, त्याला हात लावू नका.

योग्य स्क्रू लावून आता माझे बाराशेच्या वर राउंड झाले, पांढऱ्या दोन्ही रेघा सरळ आहेत. ती तिसऱ्या वेळी घेतलेली दुसरी साईट विकायला काढलीय, जुनीच परत चढवलीय. आण्णांना रेघांचा फोटो पाठवला तर त्यांनी झूम करून उत्तर दिलं, "रेघ जाड मारलीस. बारीक मार, नाहीतर केसभर सरकलेलं दिसायचं न्हाय." पुसून बारीक मारली.